किती पानं मांडायची?

पावसाळ्यातली रात्र. लाइट गेलेली, आणि मोबाइलची बॅटरी पुरवायची म्हणून सगळं घर एका खोलीत गोळा झालेलं. अशा वेळी एखादा खेळ निघतोच, तसा तो निघाला. इतिहासातल्या कुणालाही जेवायला बोलवायची मुभा मिळाली, तर कुणाला बोलवाल? पाहुणे सहा, एक जास्त नाही. पोरांनी भराभर नावं घेतली. शिवाजी महाराज पहिल्याच झटक्यात आले. मागोमाग आइनस्टाइन, चार्ली चॅप्लिन, लता मंगेशकर. कुणी तुकारामांचं नाव काढलं, तर त्यांना महाराजांच्या शेजारीच बसवायचं असंही ठरून गेलं. मेणबत्तीच्या उजेडात लसूण सोलत बसलेली आत्या एवढा वेळ गप्प होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि पाणी कोण भरणार? वाढणार कोण?"

पोरं हसली. आत्या हसली नाही. चाळीस वर्षं त्या घरातल्या प्रत्येक कार्यात ती वाढत आली होती. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची, आणि उष्टी काढून, जमीन पुसून झाली की उरल्यासुरल्या भाज्यांवर तिची आणि स्वयंपाकघरातल्या बायांची. कुणाला बोलवायचं हा तिच्या लेखी शेवटचा प्रश्न होता. त्याच्या आधीचे दहा प्रश्न तिला पाठ होते.

हा खेळ नवा नाही. इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिट यांनी १८२६ साली चार्ल्स लॅम्बच्या घरच्या अशाच एका बैठकीवर लिहिलं आहे. न्यूटन आणि लॉक ही नावं निघाली तेव्हा लॅम्बला ती पटली नाहीत. त्यांचे ग्रंथ आहेत की, मग माणसं कशाला, असा त्याचा सूर होता. ज्यांच्या लिखाणातून माणूस पुरता हाती लागत नाही, अशांनाच भेटावं असं त्याला वाटत होतं. खेळ खेळणाऱ्या कुणीही हे ध्यानात ठेवावं. आइनस्टाइनला बोलावून त्याला विचारायचं तरी काय?

अमेरिकन चित्रकार ज्युडी शिकागो हिने तर १९७९ साली असं जेवणाचं टेबलच मांडून दाखवलं. मोठं त्रिकोणी टेबल, त्यावर इतिहासातल्या आणि पुराणकथांमधल्या ३९ स्त्रियांची ताटं, आणि खालच्या फरशीवर सोनेरी अक्षरांत आणखी ९९९ नावं. आज ते ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. तीन वर्षांनी लंडनच्या रंगभूमीवर कॅरिल चर्चिल यांचं 'टॉप गर्ल्स' आलं. त्यातही पहिल्याच प्रवेशात एक बाई इतिहासातल्या आणि कथा-चित्रांतल्या पाच जणींना हॉटेलात जेवायला बोलावते. सगळ्या एकमेकींना तोडत बोलत राहतात, आपापली दुःखं सांगतात, पितात, रडतात. आणि एक वाढणारी मुलगी ताटं आणते, ताटं नेते. तिला त्या प्रवेशात एकही शब्द नाही. आत्याने ते नाटक पाहिलेलं नाही, पण तिचा प्रश्न नेमका त्या मुलीपाशी जातो.

मराठी मुलखात तर हा प्रश्न आणखी खोल जातो. इथे जेवायला बोलावणं म्हणजे पान मांडणं. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मध्यावर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. पानाभोवती रांगोळी, दोन पानांमध्ये उदबत्ती. डोळ्यांना सुख देणारी अशी मांडणी जगात फार ठिकाणी नसेल. पण ज्या भाषेने पानाची डावी-उजवी बाजू इतकी नीट लावली, त्याच भाषेत 'पंक्तिप्रपंच' हाही शब्द आहे. एकाच ओळीतल्या दोघांना वेगवेगळं वाढणं, तो पंक्तिप्रपंच. 'पंक्तिपावन' आहे, म्हणजे ज्याच्या बसण्याने पंगत शुद्ध होते असा, आणि 'पंक्तिदूषक'ही आहे. समाजाचे सगळे संबंध 'रोटीबेटी' या एका जोडशब्दात मावतात, आणि त्यात रोटी आधी येते. कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर इथे माणसाची जागा ठरत होती. म्हणून मराठी माणसाने हा खेळ खेळायचा, तर सहा नावं घेऊन भागत नाही. ती सहा जणं एका ओळीत बसतील का, हे आधी बघावं लागतं.

बसायची हिंमत केलेले होते. पण लपून. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर, राम बाळकृष्ण जयकर आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. मराठीचं व्याकरण लिहिलेले हे दादोबा. भाषेला नियम लावून दिलेला माणूस जेवणाचे नियम मोडायला निघाला होता. सभा गुप्त. आत यायचं तर परजातीच्या, परधर्माच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खाताना त्या पावाची भीती कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, पण तेव्हा गोव्याकडच्या ख्रिस्ती भट्टीवाल्यांनी भाजलेला पाव तोंडाला लावणं म्हणजे धर्म बुडवणं होतं. जातभेद मोडावा हे सभेतल्या पुष्कळांना मनापासून पटलेलं होतं, फक्त ते बाहेर कळू नये अशी धडपड होती. १८६० साली सभासदांची यादी फुटली, आणि सभा जवळपास त्यासरशी संपली. अकरा वर्षांचं काम एका यादीने मोडलं. दादोबांना बोलवायचं ते त्या अकरा वर्षांबद्दल ऐकायला. दार लावून घेतलेल्या खोलीत पहिला घास घेताना घशाला काय झालं, हे त्यांच्या व्याकरणात सापडणार नाही.

पुण्यात ३० वर्षांनी पुन्हा एक यादी निघाली. या वेळी गोष्ट जेवणाचीही नव्हती, चहाची होती. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी १८९० साली पंचहौद मिशनमधल्या सभेला शहरातल्या नामवंतांना नेलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, आणखी पुष्कळ होते. सभा झाली, चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी यजमानांचा मान राखायला कप नुसता हातात धरला आणि खाली ठेवला. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली, आणि शहर पेटलं. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला मंडळ बसलं. कप उचलला की ओठाला लावला, यावर शहाणीसुरती माणसं महिनोन्‌महिने साक्षी देत राहिली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी घरच्या कार्याला ब्राह्मण मिळायची पंचाईत झालीच. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्याकडे बघून पाऊल उचलणाऱ्या तरुण सुधारकांच्या ते जिव्हारी लागलं.

या प्रकरणात खेळाला लागणारं सगळं आहे. मोठी नावं आहेत, टेबल आहे, यजमान आहे. पण गोपाळरावांनी माणसांना बोलावलं ते त्यांची परीक्षा बघायला. अन्न पुढे ठेवून कुणाची परीक्षा बघू नये. त्यांची तडफ मोठी होती, बायकोला शिकवण्याचा त्यांचा ध्यास तर अद्भुतच. तरीही या पंगतीत त्यांचं पान नको.

त्यांच्याऐवजी रमाबाई रानडे. चहाचे कप बाहेर फिरले, पण ग्रामण्याची झळ लागली ती माजघराला. भटजी यायचे थांबतात, श्राद्धं-मुंजी अडतात, लेकींना माहेरी धाडायला सासरची माणसं कचरतात. हे सगळं निस्तरतात बायका. रमाबाईंनी आपल्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध केल्या. त्यात बाहेरच्या सभांपेक्षा घरातल्या बायकांचे टोमणे जास्त ऐकू येतात. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्याला आल्या, तेव्हा त्यांच्या सभांना जाते म्हणून या रमाबाईंना घरात काय काय सोसावं लागलं! नवरा शिक म्हणतो, सासरच्या बायका शिकू नको म्हणतात, आणि दोघांचं मन राखत एक कोवळी मुलगी पाटीवर अक्षरं गिरवते.

त्यांच्या शेजारचं पान पंडिता रमाबाईंचं. पुराणं पाठ असलेली ही बाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाली, आणि पुण्याच्या पंगतीतून कायमची उठली. पण मांसाहाराला त्या शेवटपर्यंत शिवल्या नाहीत. इंग्लंडच्या मठातल्या जोगिणींनी त्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमांबद्दल नापसंती दाखवली, तेव्हा त्यांनी स्पष्ट कळवलं की धर्म स्वीकारला म्हणून ताट बदलणार नाही. मुंबईत १८८९ साली शारदा सदन काढलं, तेव्हा तिथल्या हिंदू विधवांना आपापले सोवळ्याचे नियम पाळायची मोकळीकही त्यांनी ठेवली. दुसऱ्याच्या पानात हात घालायचा नाही आणि आपल्या पानात कुणाला घालू द्यायचा नाही, हे त्यांच्याइतकं निर्भयपणे कुणी पाळलं असेल असं वाटत नाही. त्या दोघी रमाबाईंना एका ओळीत जेवताना बघायचं, एवढ्यासाठीसुद्धा हा खेळ मांडावा.

चौथं पान कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांचं. हे राजवाड्यावर नोकरीला होते. मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारझोड झाली, अंगावर वळ उठेपर्यंत. छत्रपती शाहू महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं, आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उघडलं. हॉटेल उघडलं खरं, पण महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तर महाराज स्वतः आले. गाडी दारात थांबवून ते गंगारामच्या हातचा चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजा पितो म्हटल्यावर नाही म्हणायची सोय उरत नव्हती. पंचहौदच्या चहात आणि या चहात ३० वर्षंच काय ती गेली. तिथे नावं छापली जाण्याची धास्ती होती, इथे भर रस्त्यात, लोकांच्या देखत घोट घेतला गेला. शाहू महाराजांनाच बोलवावं असं मनात येतं, पण महाराजांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. किटलीमागे उभ्या असलेल्या माणसाला त्या पहिल्या दिवशी काय वाटलं? साखर किती घातली, हात थरथरला का? लॅम्बचा नियम इथे लागू पडतो.

पाचवी पाहुणी सगळ्यांत लांबून येणार. चोखोबांची बायको सोयराबाई, चौदाव्या शतकातली. तिने अभंग रचले, विटाळ म्हणजे नेमकं काय हे थेट विचारलं. महिपतीच्या 'भक्तविजया'त तिच्या घरचं एक जेवण आहे. साक्षात विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवायला बसलाय. सोयराबाई दही वाढतेय, आणि वाढता वाढता ते देवाच्या पीतांबरावर सांडतं. चोखोबा तिला बोलतात, देवाची समजूत काढतात. ते बोलणं बाहेरून जाणाऱ्या एका ब्राह्मणाच्या कानावर जातं. देव महाराच्या घरी? तो चोखोबांच्या तोंडात मारतो. आणि इकडे देवळात बघतात तो मूर्तीचा गाल सुजलेला.

ही कथा आहे, घडलेला प्रसंग म्हणून कुणी ती मांडत नाही. पण दही सांडणारा हात ज्याने कथेत ठेवला, त्याला वाढण्याची धांदल ठाऊक होती. आजवर वाढणारीच राहिलेल्या सोयराबाईला या पंगतीत बसवायचं.

सोयराबाई येणार म्हटल्यावर स्वयंपाकाचं सगळं गणित बदलतं. तिच्या काळात मिरची नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, तशाच बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका, पेरू, पपई, काजू या मंडळीही अमेरिकेतूनच पुढे आल्या. साबुदाण्याचा कंदही तिकडचाच. म्हणजे उपासाची म्हणून जी खिचडी घरोघर होते, तिच्यातला साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि मिरची यांतलं सोयराबाईने काहीही पाहिलेलं नाही. तिच्यासाठी काय करायचं? ज्वारीची भाकरी चालेल, ती या मातीत हजारो वर्षं आहे. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं चालेल, फक्त तिखटाला काळी मिरी. वांग्याचं भरीत, तिळाची चटणी, ताक. गोडाला पुरणपोळी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये पुरण भरलेल्या पोळीचं वर्णन सापडतं, म्हणजे ती सोयराबाईहून जुनी आहे. पण राजाच्या ग्रंथातली पोळी मंगळवेढ्याच्या वेशीबाहेरच्या घरात कधी शिजली असेल का?

पाककृतींची पुस्तकं याचं उत्तर देत नाहीत. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि मराठी घरांत नव्या सुनेची पाठराखीण झाली. तिच्यावर कित्येकींचे हात बसले. पण गावकुसाबाहेरच्या चुलींवर काय शिजत होतं, हे मराठीत सविस्तर लिहून यायला २०१५ साल उजाडावं लागलं. शाहू पाटोळे यांनी त्या पुस्तकाला नाव दिलं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. ताटावर बसताना म्हणायच्या श्लोकात त्यांनी एकच अक्षर घातलं, आणि पंगतीबाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांची भूक त्या अक्षरात आली. लग्नाच्या पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळींवर ज्यांचा हक्क म्हणून सांगितला जाई, त्यांच्या वाट्याचा स्वयंपाक आहे तो.

आत्याचं लक्ष मात्र लसणावर होतं. चातुर्मास चालू होता, रमाबाई रानड्यांना कांदा-लसूण चालायचा नाही. तिने सोललेल्या पाकळ्या वेगळ्या वाटीत काढल्या. "चटणी दोन प्रकारची करू," ती म्हणाली. "आणि दोन्ही सगळ्यांच्या पानापर्यंत न्यायच्या. ज्याला नको तो नको म्हणेल."

मग सहाव्या पानाची गोष्ट निघाली. कुणी तरी बाबासाहेबांचं नाव घेतलं होतं, आणि त्यांच्याशी राज्यघटनेवर काय बोलायचं याची तयारीही सुरू झाली होती. घरातल्या मोठ्या मुलीने मध्येच थांबवलं. बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यातले काही प्रसंग इंग्रजीत लिहून ठेवले आहेत. त्यातला पहिला तिने वाचला होता, तो तिने अंधारात सांगितला.

साल १९०१. भीमराव नऊ-दहा वर्षांचा. आई वारलेली, कुटुंब साताऱ्याला, आणि वडील दुष्काळी कामावर गोरेगावला खजिनदार. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावलं. भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं अशी पोरं निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. आगगाडीचा पहिलाच प्रवास. बरोबर भरपूर फराळ. मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली, कोण तुम्ही? आम्ही महार. मास्तरांचा चेहरा उतरला आणि ते बाजूला झाले. गाडीवान कुणी तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला कबूल झाला, तेही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालत येणार. अंधार पडला. वाटेत पाणी मिळालं ते डबक्याचं, गुरांच्या शेणामुताने घाण झालेलं. रात्री टोलनाक्यावर पोचल्यावर गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असं सांगून भीमरावाने पाणी मागितलं. तिथेही मिळालं नाही. डबा भरलेला, पोटात आग पडलेली, आणि पाण्यावाचून घास उतरेना. पोरं डबा तसाच ठेवून गाडीत उपाशी झोपली.

२६ वर्षांनी, २० मार्च १९२७ या दिवशी, तो मुलगा महाडच्या चवदार तळ्यावर उभा राहिला आणि त्याने ओंजळभर पाणी घेतलं. पण खोलीतल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे तळं आलं नाही. डोळ्यांपुढे तो डबा होता.

सहावं पान त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं ठरलं. डॉक्टर आंबेडकरांचं नव्हे, भीमरावाचं. आणि त्याच्याबरोबरच्या पोरांना वगळायचं कसं? सहाचा नियम तिथेच मोडला. मोडलेला कुणाला खुपलाही नाही. पानं वाढली. भीमरावाला कडेला बसवायचं नाही, मधोमध बसवायचं, एका बाजूला सोयराबाई आणि दुसऱ्या बाजूला दादोबा. गंगाराम कांबळे चहा करायला उठतील, त्यांना उठू द्यायचं नाही. वाढायचं काम घरातल्या मुलग्यांचं. एक पान आत्याचं, पहिल्याच पंगतीत. ती नको नको म्हणत राहिली, पण या वेळी तिचं कुणी ऐकलं नाही.

तिने लसणाची सालं पदरातून ताटलीत झटकली. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही, बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"पानं नंतर मांडा रे," आत्या म्हणाली. "आधी तांबे भरून ठेवा. मोठे चार. पोरं रात्रभर तहानलेली आहेत, आल्या आल्या मागतील."